एचपीव्ही टेस्टचा रिपोर्ट आला, आता पुढे? धोका आणि फॉलोअपबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रिपोर्ट बहुधा संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर येतो. डॉक्टरांची ओपीडी तोवर बंद झालेली असते आणि गूगल मात्र रात्रभर उघडं असतं. त्या रात्री आणि पुढच्या वर्षा-दोन वर्षांत जे प्रश्न पडतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. गर्भाशयाच्या तोंडाच्या, म्हणजे बोलीभाषेत पिशवीच्या तोंडाच्या, कॅन्सरबद्दल हे सगळं आहे. एचपीव्ही (ह्युमन पॅपिलोमा व्हायरस) हा त्याला कारणीभूत ठरणारा विषाणू.

‘हाय रिस्क एचपीव्ही डिटेक्टेड’ असं आलंय. मला कॅन्सर झालाय का?

या रिपोर्टचा अर्थ तो नाही. ही टेस्ट विषाणूचा डीएनए शोधते. तुमच्या पेशी बिघडल्यात की नाही, हे तिला कळत नाही. ‘हाय रिस्क’ हे विशेषण विषाणूच्या जातीला लावलेलं आहे, तुम्हाला नाही. अशा डझनभराहून थोड्या जास्त जाती आहेत आणि टेस्टमध्ये साधारण १४ तपासल्या जातात.

लागण अगदी सामान्य आहे. जुन्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात १९९९ ते २००३ या काळात खेडोपाडी ३० ते ५९ वयाच्या बायकांची टेस्ट झाली, तेव्हा शंभरात साधारण दहाजणी पॉझिटिव्ह निघाल्या. बहुतेकींच्या शरीरातून विषाणू वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो. जिच्यात तो ठाण मांडून बसतो, तिलाही कॅन्सरपर्यंत पोचायला साधारण १५ ते २० वर्षं लागतात. काळजी त्या ठाण मांडण्याची आहे, आणि ते ओळखायला पुन्हा तपासावंच लागतं.

मग माझा धोका किती? आकडा सांगा.

आकडा सांगता येतो. फक्त तो कशाचा, हे आधी बघू. डॉक्टर जो धोका मोजतात तो कॅन्सरचा नसतो. मोजतात तो ‘सीआयएन ३ किंवा त्याहून पुढचं’ सापडण्याचा धोका. सीआयएन ३ म्हणजे कॅन्सरच्या आधीची गंभीर पायरी. तिच्यावर उपचार होतात, तेही बहुतेक वेळा त्याच दिवशी घरी पाठवून.

अमेरिकेत उत्तर कॅलिफोर्नियातल्या १५ लाखांहून जास्त बायकांच्या नोंदींवरून २०१९मध्ये नवी मार्गदर्शक तत्त्वं आली. त्यांतले काही आकडे असे. एचपीव्ही पॉझिटिव्ह, पॅप (पिशवीच्या तोंडावरच्या पेशी काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघण्याची टेस्ट) नॉर्मल आणि आधीचे रिपोर्ट माहीत नाहीत, अशी बाई घ्या. तिच्यात आज सीआयएन ३ असण्याची शक्यता शंभरात सुमारे २, आणि पाच वर्षांत शंभरात सुमारे ५. पॅपमध्येही गंभीर बदल (एचसिल) दिसले, तर आजचा आकडा एकदम शंभरात ४९ वर जातो. दोन्ही टेस्ट निगेटिव्ह असतील तर पाच वर्षांचा धोका दहा हजारात १२.

त्यावरून रेघा आखल्या आहेत. आजचा धोका ४ टक्के किंवा जास्त असेल तर कॉल्पोस्कोपी, म्हणजे पिशवीचं तोंड दुर्बिणीतून तपासणं. त्याहून कमी असेल तर पाच वर्षांचा धोका बघायचा आणि त्यानुसार एक, तीन किंवा पाच वर्षांनी बोलवायचं. ‘वर्षानं या’ असं डॉक्टर सांगतात तेव्हा ते टाळत नसतात, त्यामागे हा हिशोब असतो.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवायला हवी. हे आकडे जिथे बायका वर्षानुवर्षं नेमानं तपासून घेतात तिथले आहेत. आपल्याकडे २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयातल्या जेमतेम १.९ टक्के बायकांनी ही तपासणी आयुष्यात एकदा तरी केल्याचं सांगितलं. जिची ४५व्या वर्षी पहिल्यांदाच टेस्ट होते आणि ती पॉझिटिव्ह येते, तिचा विषाणू कालचा आहे की दहा वर्षांपूर्वीचा, ते कुणालाच माहीत नसतं. तिला कॅलिफोर्नियाचा २ टक्क्यांचा आकडा तसाच लावून ‘वर्षानं या’ म्हणणं मला पटत नाही. शक्य असेल तर तिची कॉल्पोस्कोपी, निदान अॅसिटिक आम्ल लावून तपासणी (व्हीआयए), लगेच व्हावी. पुन्हा शहरात येण्याची खात्री नसेल तर नक्कीच.

माझा आणि नणंदेचा रिपोर्ट अगदी सारखा. तिला वर्षानं बोलावलं, मला लगेच कॉल्पोस्कोपी. असं कसं?

रिपोर्ट सारखा असला तरी मागचा इतिहास वेगळा असेल. एचपीव्ही पॉझिटिव्ह आणि पॅपमध्ये ‘एस्कस’, म्हणजे किरकोळ शंका, असा रिपोर्ट घ्या. आधीचं काहीच माहीत नसेल तर आजचा धोका ४ टक्क्यांच्या किंचित वर जातो, म्हणून कॉल्पोस्कोपी. पण पाच वर्षांपूर्वीची एचपीव्ही टेस्ट निगेटिव्ह असल्याचा कागद हातात असेल, तर तोच धोका २ टक्क्यांवर येतो, कारण लागण नवीन आहे हे कळतं. मग वर्षभर थांबता येतं. जुना निगेटिव्ह रिपोर्ट रद्दीत टाकू नका, तो असा उपयोगी पडतो.

१६, १८ आणि ‘अदर हाय रिस्क’ यांत काय फरक?

बराच. जगभरातल्या या कॅन्सरपैकी सुमारे ७० टक्के १६ आणि १८ या दोनच जातींमुळे होतात. १६ सगळ्यांत खोडसाळ. पॅप नॉर्मल असला तरी १६ पॉझिटिव्ह बाईत आजचा धोका ५ टक्क्यांच्या आसपास असतो, म्हणून थेट कॉल्पोस्कोपी. १८चा आकडा ३ टक्के, म्हणजे रेघेच्या खाली. तरीही कॉल्पोस्कोपीच सांगतात. १८मुळे होणारा ग्रंथीच्या पेशींचा कॅन्सर आतल्या नळीत लपतो आणि पॅपमध्ये सहज दिसत नाही.

लॅबमध्ये जातीनिहाय रिपोर्ट मागा. काही पॅकेजमध्ये ६ आणि ११ सारख्या ‘लो रिस्क’ जातीही तपासतात. त्यांनी चामखीळ येते, कॅन्सर नाही. त्यासाठी जास्तीचे पैसे मोजायची गरज नाही.

आणि हो, रिपोर्टवर सीटी व्हॅल्यू (टेस्टच्या कितव्या फेरीला विषाणू सापडला तो आकडा) छापली असेल तर ती बघून घाबरूही नका, खूशही होऊ नका. कोविडनं आपल्याला ती सवय लावली आहे. इथे एकट्या बाईचा धोका ठरवायला ती वापरत नाहीत.

दुसऱ्या लॅबमध्ये करून बघू का?

पैसे वाया जातील. महिन्याभरात दुसरीकडे निगेटिव्ह आली तरी पहिली पॉझिटिव्ह पुसली जात नाही, आणि फॉलोअप तोच राहतो.

एचपीव्ही निगेटिव्ह आलीय. खरंच पाच वर्षं काही करायचं नाही?

खरंच. आणि याचा जगातला एक भक्कम पुरावा आपल्या मराठवाड्यातून आलाय.

उस्मानाबाद जिल्ह्यात टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आणि फ्रान्समधल्या लियॉनची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून १ लाख ३१ हजारांहून जास्त बायकांचा अभ्यास केला. गावांचे चार गट पाडले. एका गटात एचपीव्ही टेस्ट, एकात पॅप, एकात व्हीआयए आणि चौथ्यात फक्त माहिती आणि नेहमीची सेवा. ज्या गटात आयुष्यात एकदाच एचपीव्ही टेस्ट आणि गरज पडली तिथे उपचार झाले, त्यात आठ वर्षांत या कॅन्सरनं ३४ मृत्यू झाले. चौथ्या गटात ६४. पुढच्या टप्प्यावर पोचलेले कॅन्सरही निम्म्यावर आले. पॅप आणि व्हीआयएच्या गटांत असा ठळक फरक दिसला नाही.

निगेटिव्ह बायकांचं पुढे काय झालं? पॅप किंवा व्हीआयए निगेटिव्ह आलेल्यांमध्ये नंतर कॅन्सर होण्याचं प्रमाण एचपीव्ही निगेटिव्ह बायकांच्या चौपटीहून जास्त निघालं. एचपीव्ही निगेटिव्ह आलेल्यांपैकी त्या आठ वर्षांत या कॅन्सरनं कुणीही दगावलं नाही. निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१मध्ये ‘३० वर्षांपासून दर ५ ते १० वर्षांनी एचपीव्ही टेस्ट’ असं सांगितलं, त्यामागे जे पुरावे आहेत त्यांत याला मोठं स्थान आहे. चौथ्या गटाला तपासणी दिली नाही यावरून पुढे नैतिकतेचा वाद झाला, तोही रास्त होता. आज पाच वर्षं निर्धास्त राहायला सांगता येतं, ते त्या गावांमधल्या बायकांमुळे.

एचपीव्ही पॉझिटिव्ह, पण पॅप नॉर्मल. खरं कोणाचं?

दोघांचंही. विषाणू आहे, त्यानं पेशींना अजून दिसण्याइतका धक्का लावलेला नाही. यात १६ किंवा १८ असेल तर कॉल्पोस्कोपी. इतर जाती असतील तर वर्षानं पुन्हा एचपीव्ही टेस्ट, आणि तेव्हाही पॉझिटिव्ह आली तर कॉल्पोस्कोपी. जागतिक आरोग्य संघटना याच परिस्थितीत दोन वर्षांनी पुन्हा टेस्ट करा म्हणते. दोन डॉक्टरांनी दोन मुदती सांगितल्या तर त्यांतला एक चुकला असं समजू नका, ते वेगवेगळी पुस्तकं वाचून बोलत असतात. पण तिसरा पर्याय, ‘बघू, दिवाळीनंतर’, हा कुठल्याच पुस्तकात नाही.

वर्षभर थांबायचं म्हणजे आजार वाढू देणं नाही का?

प्रश्न बरोबर आहे आणि त्याचं उत्तर एका लाजिरवाण्या प्रकरणातून मिळतं. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या नॅशनल विमेन्स हॉस्पिटलात १९६० आणि ७०च्या दशकांत काही बायकांना सीआयएन ३ असूनही पुरेसे उपचार न देता नुसतं नजरेखाली ठेवलं होतं. त्यांना हे सांगितलंही नव्हतं. १९८७ साली प्रकरण बाहेर आलं आणि न्यायालयीन चौकशी झाली. पुढे त्या बायकांच्या नोंदी तपासल्या तेव्हा दिसलं की उपचार न झालेल्या सीआयएन ३चा ३० वर्षांत शंभरात ३१ जणींना कॅन्सर झाला. उपचार नीट झालेल्यांमध्ये हे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी होतं.

यातून दोन गोष्टी कळतात. सीआयएन ३ सापडला की तो सोडायचा नाही. आणि सर्वांत गंभीर पायरीवरूनही कॅन्सरपर्यंतचा रस्ता वर्षांचा असतो, आठवड्यांचा नाही. तुमच्यात नुसता विषाणू आहे, पेशी नॉर्मल आहेत. एक वर्ष थांबणं सुरक्षित आहे. ते एक वर्ष सात वर्षांचं झालं तर मात्र नाही.

कॉल्पोस्कोपीत काय करतात? दुखतं का?

भूल लागत नाही, दहा-पंधरा मिनिटांत होतं. पॅपसारखंच झोपवतात, स्पेक्युलम (योनीमार्ग उघडा धरणारं साधन) लावतात. डॉक्टर बाहेरूनच दुर्बिणीतून बघतात, यंत्र आत जात नाही. आधी पातळ अॅसिटिक आम्ल लावतात, व्हिनेगरचाच प्रकार. थोडं चुरचुरतं. मिनिटभरात बिघडलेला भाग पांढरा पडतो. मग आयोडिन. निरोगी भाग गडद तपकिरी होतो, बिघडलेला पिवळट राहतो. शंका वाटेल तिथून भाताच्या शिताएवढा तुकडा काढतात, ती बायप्सी. चिमटा काढल्यासारखं किंवा पाळीत पोट आवळतं तसं क्षणभर वाटतं.

नंतरचं कुणी सांगत नाही म्हणून सांगते. रक्त थांबवायला मॉन्सेल नावाची पिवळट-तपकिरी पेस्ट लावतात. ती दोन-तीन दिवस काळपट, कॉफीच्या चोथ्यासारखी बाहेर येते. ‘आत काहीतरी सडलं’ म्हणून बायका घाबरून फोन करतात. ती फक्त पेस्ट असते. ताप आला, वास येऊ लागला किंवा पाळीपेक्षा जास्त रक्त गेलं, तरच लगेच जा. पॅड बरोबर न्या, आणि आयोडिनचे डाग जात नाहीत म्हणून जुना परकर किंवा गडद सलवार घाला.

हे नवऱ्यामुळे झालं का? त्यांना काय सांगू?

ओपीडीत हा प्रश्न दार लावून विचारला जातो. काही वेळा तो नवराच विचारतो, दुसऱ्या बाजूनं.

विषाणू शरीरसंबंधातून येतो, हे खरं. पण तो कधी आला ते कुठलीच टेस्ट सांगू शकत नाही. तो वर्षानुवर्षं गुपचूप राहून चाळिशीत दिसू शकतो. लग्नाआधी दोघांपैकी कुणाच्याही शरीरात आलेला असू शकतो. शरीरसंबंध आलेल्या बहुतेक माणसांना आयुष्यात कधी ना कधी एचपीव्ही होतोच. या रिपोर्टवरून कुणाच्या चारित्र्याचा निकाल लागत नाही, तुमच्याही नाही आणि त्यांच्याही. पुरुषांसाठी तपासणी म्हणून मान्य अशी एचपीव्ही टेस्ट नाही, त्यामुळे त्यांना लॅबमध्ये पाठवून काही साधत नाही. निरोधनं धोका कमी होतो, पूर्ण जात नाही. सासूबाईंना सांगायचं की नाही, हे तुमचं तुम्ही ठरवा. वैद्यकीय गरज काही नाही.

विषाणू घालवायला गोळ्या, जेल, काढा?

विषाणूच मारणारं सिद्ध झालेलं औषध नाही. उपचार होतात ते बिघडलेल्या पेशींवर. सिगारेट-बिडी सोडल्यानं मात्र खरंच फायदा होतो. मिश्रीही सोडा, तोंडाच्या कॅन्सरसाठी तरी.

बायप्सीत सीआयएन १, २, ३ लिहिलंय. म्हणजे पहिली, दुसरी, तिसरी स्टेज?

नाही, या कॅन्सरच्या स्टेज नव्हेत, या तिन्ही कॅन्सरच्या अलीकडच्या पायऱ्या. सीआयएन १ बहुतेकदा आपोआप बरा होतो. त्यावर घाईनं उपचार करत नाहीत, वर्षानं बघतात. सीआयएन २ अधांतरी असतो. दोन वर्षांत साधारण निम्म्या बायकांमध्ये तो मागे फिरतो आणि शंभरातल्या अठरा-एक जणींमध्ये पुढे जातो. मूल हवं असलेल्या तरुण बाईत तो नजरेखाली ठेवता येतो, बाकीच्यांत सहसा उपचार. सीआयएन ३वर उपचारच.

उपचार म्हणजे उष्णतेनं तो भाग जाळणं (थर्मल अब्लेशन), गोठवणं (क्रायो) किंवा विजेच्या तारेच्या फासानं तेवढी चकती कापणं (लीप). बहुतेकींना रात्रभर राहावं लागत नाही.

लीप झाली. आता सुटले ना?

आजाराच्या दृष्टीनं बहुतेक हो, फॉलोअपच्या दृष्टीनं नाही. इथेच सर्वांत जास्त बायका हातून निसटतात, कारण त्यांना बरं वाटत असतं. सीआयएन २-३वर उपचार झालेल्या बाईचा धोका इतरांपेक्षा पुढची वीस-पंचवीस वर्षं जास्त राहतो. अमेरिकी पद्धत अशी: सहा महिन्यांनी एचपीव्ही टेस्ट, मग लागोपाठ तीन निगेटिव्ह येईपर्यंत दरवर्षी, पुढे किमान २५ वर्षं दर तीन वर्षांनी. जागतिक आरोग्य संघटना १२ महिन्यांनी पहिली टेस्ट सांगते. लीपच्या रिपोर्टमध्ये ‘मार्जिन क्लिअर’ (कापलेल्या चकतीच्या कडेला बिघडलेल्या पेशी नाहीत) असलं तरी ही टेस्ट चुकवू नका. पुढचा अंदाज मार्जिनपेक्षा ती चांगला देते.

त्यापेक्षा पिशवीच काढून टाकू का? कटकट नको.

एचपीव्ही पॉझिटिव्ह आहे म्हणून पिशवी काढणं हा उपचार नाही. कुणी एवढ्याच कारणावर ऑपरेशन सुचवत असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. आपल्याकडे ‘पांढरं जातंय, पुढे कॅन्सर होईल’ अशी भीती घालून पिशव्या काढल्या गेल्या आहेत. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या बाबतीत हे इतकं वाढलं की २०१९मध्ये राज्य सरकारला समिती नेमावी लागली.

सीआयएन २-३ असताना पिशवी काढली तरी योनीच्या वरच्या टोकाची तपासणी पुढे चालू ठेवावी लागते, म्हणजे कटकट संपत नाहीच. पिशवी दुसऱ्या कारणानं काढली, तोंडासकट काढली आणि आधी काही गंभीर सापडलं नव्हतं, तर पुढच्या टेस्टची गरज नाही. तोंड ठेवलंय का, हे डिस्चार्ज कार्डावर बघा.

गरोदर आहे आणि टेस्ट पॉझिटिव्ह आलीय.

बाळाला यानं सहसा काही होत नाही. गरज असेल तर कॉल्पोस्कोपी गरोदरपणातही सुरक्षित आहे. कॅन्सरची शंका नसेल तर उपचार बाळंतपणानंतर.

आता लस घेतली तर चालेल?

असलेली लागण लसीनं जात नाही. न झालेल्या जातींपासून काही संरक्षण मिळू शकतं, पण ‘लस घेतली, फॉलोअप नको’ असं करू नका. लसीचा खरा उपयोग तुमच्या मुलीला. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक २०२३पासून उपलब्ध आहे आणि तिच्यात १६ आणि १८ दोन्ही आहेत. पुढे तिलाही ३०नंतर तपासणी करावीच लागेल.

एचआयव्ही असेल तर?

मुदती आखडतात. टेस्ट २५व्या वर्षापासून, दर ३ ते ५ वर्षांनी. पॉझिटिव्ह आल्यावर पेशी ठीक असल्या तरी पुन्हा टेस्ट १२ महिन्यांनी. प्रतिकारशक्ती कमी असेल आणि उपचार नसतील तर कॅन्सरपर्यंतचा प्रवास ५ ते १० वर्षांतही होऊ शकतो. किडनी बदललेल्या किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असलेल्या बायकांनीही हे डॉक्टरांना आवर्जून सांगावं.

शिबिरात मी स्वतःच काडीनं नमुना घेतला होता. तो धरायचा का?

धरायचा. एचपीव्हीसाठी स्वतः घेतलेला नमुना चालतो, जागतिक आरोग्य संघटनाही तो मानते. फक्त त्या नमुन्यावर पॅप होत नाही. पॉझिटिव्ह आला तर एकदा तपासणीच्या टेबलावर जावंच लागेल. आशाताईंकडून आधीच विचारून ठेवा की पॉझिटिव्ह आल्यावर कॉल्पोस्कोपी कुठे होते: जिल्हा रुग्णालयात, मेडिकल कॉलेजात की आणखी कुठे. हे ठरलेलं नसेल तर शिबिराचा अर्धाच उपयोग होतो.

टेस्ट निगेटिव्ह आहे, पण संबंधानंतर रक्त दिसतं.

मग टेस्ट विसरा आणि डॉक्टरांकडे जा. ‘पाच वर्षांनी या’ हा नियम काहीही त्रास नसलेल्या बाईसाठी आहे. संबंधानंतर रक्त, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त, पाळी गेल्यावर अंगावरून लाल जाणं, घाण वासाचं पाणी जाणं, यांतलं काहीही असेल तर निगेटिव्ह रिपोर्ट दाखवून कुणी घरी पाठवत असलं तरी स्पेक्युलम लावून तपासायला सांगा.

इंग्लंड-अमेरिकेत टेस्ट झाली, उरलेलं पुण्यात करायचंय. चालेल?

चालेल, कागद आणलेत तर. इंग्लंडमध्ये पॉझिटिव्ह पण पेशी नॉर्मल असतील तर वर्षानं, पुन्हा तसंच आलं तर आणखी वर्षानं बोलावतात आणि तिसऱ्यांदाही पॉझिटिव्ह आली तर कॉल्पोस्कोपी. अमेरिकेत दुसऱ्या पॉझिटिव्हलाच. इथल्या डॉक्टरांना तुम्ही कितव्या पायरीवर आहात ते कळायला हवं. टेस्टची तारीख, जात, पॅपचा निकाल आणि बायप्सी झाली असेल तर तिचा पूर्ण रिपोर्ट, एवढं पीडीएफमध्ये स्वतःला ईमेल करून ठेवा.